बॅटरी माझ्या जीपमध्ये होती

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. मी मीटरवाला माणूस — काटा हलला तर करंट आहे, नाही तर नाही. तरी हे लिहितोय, कारण आता मनात ठेववत नाही...

१९८६-८७ च्या सुमारास मी बालाघाटला सरकारी खात्यात सोलरच्या कामावर होतो. माझे काकाजी रिटायर होऊन बिरसाजवळ शेतावर एका खोलीच्या घरात राहत. तिथवर विजेचे खांब पोचले नव्हते. काकूला दमा. उन्हाळ्यात तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा. म्हणून मी छपरावर एक पॅनेल बसवलं. खाली बॅटरी, तिच्यावर चालणारी एक ट्यूब आणि छोटा पंखा.

पंधरा दिवसांत निरोप आला — पंखा बंद पडला. मे महिना होता. जाऊन छपरावर चढलो तर काय... पॅनेलला फुलाफुलांचं, झालर लावलेलं कव्हर!

"काकू, हे काय वं?"

"रेडिओले हाय, शिलाई मशीनले हाय, मंग एवढ्या महागाच्या वस्तूवर धूळ बसू देऊ काय?"

"अवं, ते उन्हावरच तं चालते!"

मी पोट धरून हसलो. बॅटरी पार उतरली होती. चार्ज करायला ती काढून जीपमध्ये टाकली, सुटलेली वायर खिळ्याला गुंडाळली.

"उद्या दुपारी आणतो. तोवर घाल तुहं कव्हर," मी तिला चिडवलं.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. दारातच थबकलो. पंखा फिरत होता... भरभर! काकू खाटेवर टेकून बसलेली, तोंडावर वारा घेत.

"सकाळी हिले श्वासच येईना," काकाजी हळूच म्हणाले. "मी हातपंख्यानं वारा घालून राह्यलो होतो, तं हा आपल्याआप सुरू झाला. तूच केलं ना काही?"

मी काय करणार? बॅटरी माझ्या जीपमध्ये होती. वायर खिळ्यालाच, मी गुंडाळली तशी. धावत शिडी चढलो — पॅनेलवर कव्हर, नाड्या घट्ट बांधलेल्या. खाली येऊन मीटर लावला. शून्य. आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा राग जास्त आला. असं होऊच कसं शकतं? मी बटण बंद केलं.

पंखा थांबला.

"काहून बंद केला रे?" काकू एवढंच म्हणाली.

लगेच पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला नाही. बॅटरी आणून जोडली, ट्यूब लागली... पंखा ढिम्म. काकूचा श्वास पुन्हा कोंडू लागला. तिला तसंच जीपमध्ये घालून बिरसाच्या दवाखान्याकडे निघालो. काकाजी मागे बसून सारखा वारा घालत होते. पोचायच्या आधीच ती गेली.

नंतर तो पंखा मी सगळा खोलून पाहिला. काही बिघाड नव्हता.

काकाजींनी मला कधी बोल लावला नाही. पंखा कशावर चालत होता, ते मला आजही सांगता येत नाही. बंद कोणी केला, ते येतं.