गाठ्यांचा रंग

संक्रांत झाली की आमच्या घरात रंग शिरायचा आणि पाडव्यापर्यंत मुक्काम ठोकायचा. बाबा गाठ्या करायचे. होळीला लेकरांच्या गळ्यात घालतात आणि पाडव्याला गुढीला बांधतात, त्या साखरेच्या माळा. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत आम्ही चौघं: माय, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ. सागवानी साच्यांत मी दोरा ताणून धरायची, बाबा वरून पाक ओतायचे, आणि थंड झाल्यावर माय साचे उघडून माळा काढायची. बाकीचं वर्ष बाबा बत्तासे करायचे, पण घर चालायचं ते या दोन-अडीच महिन्यांवर. आम्ही त्याला सीझन म्हणायचो.

गाठी पांढरीही असते हे मला माहीत होतं, पण आमच्या बाजारात पांढरीला कुत्रं विचारत नव्हतं. बायका गाठी उजेडात धरून बघायच्या आणि जरा फिकी वाटली की टोपल्यात परत टाकायच्या. "काहून जी, रंग महाग झाला काय?" असं वर ऐकवायच्या. सोयरीक झालेल्या मुलीकडे पहिल्या होळीला गाठी जायची ती तर लालभडकच लागे. फिकी गेली तर व्याही वर्षभर नावं ठेवत. बाबांची गाठी सगळ्यांत गडद, म्हणून अकोटपर्यंतचे व्यापारी त्यांच्याकडे येत. त्यांना त्याचा अभिमान होता. आजही मला त्या अभिमानाचा राग येतो, आणि राग आला की माझीच मला लाज वाटते, कारण त्याच अभिमानावर आम्ही दोन वेळा जेवत होतो.

रंग यायचा बाजारातल्या एका दुकानातून, पत्र्याच्या डब्यातून कागदाच्या पुडीत. त्याच डब्यातून ओढण्या रंगवणारे रंग नेत आणि त्याच डब्यातून आम्ही. यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. खाण्याचा रंग वेगळा असतो, हे दुकानदाराला ठाऊक असेलही, पण त्याने ते कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. हा रंग उन्हात उडत नाही, चिमूटभर टाकला तरी कढई भरून येते, एवढं आम्हाला पुरेसं होतं. आणि काही अपाय असता तर आम्हालाच आधी झाला नसता का? बाबा पाकाचा थेंब जिभेवर ठेवून बघायचे, तुटलेल्या गाठ्या आम्ही पोरं खायचो.

सीझनमध्ये आमच्या घरात कोरं काही राहत नसे. बाबांचे तळवे, नखं, मायच्या लुगड्याचा पदर, पाण्याच्या पितळी गुंडाचा काठ, सगळं रंगलेलं. भाकरीवर मायच्या बोटांचे गुलाबी ठसे उठायचे. थुंकी लाल, घाम लाल, सकाळी न्हाणीत लघवीला बसलं तर तिथलीही धार लाल. भाऊ आणि मी त्यावरून हसून लोळायचो. माय रोज फरशीवर पाणी ओतून खराट्याने घासायची. पाडवा झाला की साचे धुऊन माळ्यावर जायचे आणि रंग हळूहळू अंगातून निघून जायचा. "रंग उतरून राहिला," बाबा म्हणायचे. दरवर्षी तो उतरायचा.

मी सातवीत होते त्या वर्षी तो उतरला नाही.

म्हणजे तळहाताचा उतरला. नखं वाढली, कापली, पांढरी झाली. मायचा पदर धुऊन धुऊन फिका पडला. माझी आणि भावाची थुंकी स्वच्छ झाली. पण बाबा न्हाणीतून आले की फरशी लाल असायची. मायने पहिले काही दिवस मुकाट्याने पाणी ओतलं. मग एका सकाळी भाकरी थापता थापता तिने विचारलंच.

"अजी, हातं तं पांढरे झाले तुमचे. मंग हे काय होय?"

"आतला रंग हाय तो. उशिरा निंगते," बाबा म्हणाले. "यंदा माल जास्त केला ना."

"दुखते काय?"

"काही दुखत नाही. तू भाकर टाक."

दुखत नव्हतं हे खरं होतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं असं म्हणायची पाळी आमच्यावर आली. उष्णता असेल म्हणून मायने सब्जा भिजवला, धण्याचं पाणी दिलं, शेजारच्या चाचींनी गुलकंद पाठवला. उन्हाळा गेला. मधेच फरशी स्वच्छ दिसायची आणि बाबा मायला हाक मारून दाखवायचे, "पाह्य, उतरला का नाही?" ती हसायची. मग दोन-चार दिवसांनी पुन्हा लाल. पोळ्याच्या सुमारास बाबांना भट्टीजवळ उभं राहवेना. कंबर धरून ते बत्ताशांच्या परातीपाशी खाली बसायचे आणि बसूनच राहायचे. तेव्हा कुठे माय त्यांना एसटीत घालून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. मला सोबत नेलं, कारण तिला पाट्या वाचता येत नव्हत्या.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने तपासलं, लघवी काचेत धरून उजेडात बघितली, गाठी बघणाऱ्या बायांसारखीच. मग विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

 रक्त हा शब्दच आमच्या घरात कोणी काढला नव्हता. बाबांनी मायकडे बघितलं, मायने माझ्याकडे. काय सांगणार? पाडव्यापासून? पण सीझनमध्ये तर सगळंच लाल असतं. मग संक्रांतीपासून? की गेल्या वर्षीच्या सीझनमध्येही त्या लालात थोडं रक्त होतं आणि ते आम्ही रंग म्हणून वाहवून दिलं? ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मायने शेवटी खाली बघत सांगितलं, "आमी रंगाचं काम करतो जी."

डॉक्टरने मग सगळं विचारून घेतलं. कोणता रंग, कुठला, हाताने कालवता का, चाखता का. तो कपड्याचा रंग आहे, पोटात जाता कामा नये, म्हणाला. बाबांनी विचारलं, "त्याच्यानंच झालं काय साहेब?" तो म्हणाला, तसं खात्रीने सांगता येत नाही, बिडीही ओढता, पण असल्या रंगांचा संशय घेतात. मूत्राशयात वाढ झालेली होती आणि ती फार पुढे गेली होती. सुरुवातीला आला असतात तर काही करता आलं असतं, असंही तो बोलून गेला. हे त्याने बोलायला नको होतं. मायच्या डोक्यातून ते वाक्य मरेपर्यंत गेलं नाही.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. बाहेर बघत म्हणाले, "तो म्हणते खाऊ नका. आपण खाल्ला नसता तं लोकाइले कोण्या तोंडानं इकला असता?"  दिवाळी बाबांनी पाहिली, संक्रांत पाहिली नाही.

त्या संक्रांतीला मायने भट्टी पेटवली. दुसरं येत काय होतं आम्हाला? साचे खाली काढले, धुतले, पण रंगाची पुडी आणली नाही. पहिली खेप तिने पांढरी केली. दुधासारखी झाली होती, मला तर फार आवडली. ती टोपली घेऊन आम्ही अकोटच्या बाजारात बसलो. बाया येत, उचलून बघत, ठेवून देत. एक म्हातारी मायच्या कपाळाकडे बघून हळहळली आणि म्हणाली, "माय वं, तुह्या घरचं दुःख लेकराच्या गयात काहून घालू?"  संध्याकाळी टोपली जशीच्या तशी डोक्यावर घेऊन आम्ही घरी आलो. डॉक्टरचं म्हणणं बाजाराला सांगून बघावं असं मला वाटत होतं, पण माझं कोण ऐकणार होतं? त्यांच्या लेकरांना तर काहीच झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायने पुडी आणली. तुटक्या गाठ्यांना आम्ही हात लावायचा नाही अशी तिने ताकीद दिली. पाक चाखायचं काम मात्र कोणाला तरी करावंच लागतं. ते ती करू लागली. रंग कालवायचं कामही तिने आम्हाला दिलं नाही. होळी जवळ आली तशी तिची बोटं रंगली, पदर रंगला, भाकरीवर ठसे उठले.

रोज सकाळी न्हाणीतून बाहेर यायच्या आधी ती फरशीपाशी बसून राहायची. पाणी ओतायच्या आधी नीट बघायची. मी दाराशी उभी राहून विचारायची, "माय, काय दिसते?"

"काय दिसन?" ती म्हणायची. "सीझन हाय. सारं लालच हाय."