काळी एकमध्ये गाणारी मोटर

ही फजिती मी सोबत घेऊनच वर जायचे ठरवले होते, मंडळी. सत्तरी ओलांडलेल्या, तुळशीची माळ घातलेल्या, चार माणसांच्या नमस्काराला पात्र ठरलेल्या माणसाने आपल्या हाताने आपली पगडी का उतरवावी? पण तुम्ही चहा पाजलात, आणि वर विचारलेत, ‘बुवा, तुमच्या कीर्तनातला तो जात्याचा दृष्टान्त हल्ली ऐकू येत नाही, तो का?’ आता काय करता! चहा पोटात गेला आहे. सांगणे भाग आहे.

एके काळी जाते हा माझ्या कीर्तनाचा हुकमी एक्का होता. खालचा दगड प्रपंच, वरचा दगड परमार्थ, आणि हातातला खुंटा म्हणजे नाम! मी डोळे मिटून, पेटीवरच्या काळी एकच्या षड्जावर स्थिर होऊन हे सांगू लागलो की स्त्रिया डोळ्यांना पदर लावत. मी समजे, भक्तीचा पूर आला. पुढे आमच्या कुटुंबाने खुलासा केला, ‘भक्ती कसली? उद्या पहाटे पुन्हा दळायला बसायचं आहे, ते आठवून रडतात बिचाऱ्या.’

त्या वर्षी आमच्या लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या विठ्ठलमंदिरात सप्ताह होता, आणि शेवटच्या दिवशी भंडारा. भंडाऱ्याला गुळाची लापशी. लापशीला दोन मण गहू भरडून हवे. बाजारातली गिरणी पीठ काढी, भरड काढीत नसे. म्हणजे भरड काढणार कोण? बायका, घरोघरच्या जात्यांवर.

सप्ताहाच्या तयारीच्या कीर्तनात माझी रसना जरा अधिकच मोकळी सुटली. ‘मायबहिणींनो! गावात वीज आली. घाटात विजेची इंजिने धावू लागली. आणि तुम्ही अजून हाताने भरडणार? यंदा जात्याला हात लावायचा नाही! सारे गहू मोटर भरडील. हा माझा शब्द!’

काय तो जयघोष! देवळाच्या कळसावरची कबुतरे उडाली.

घरी आलो तर कुटुंब उंबऱ्यातच उभे. ‘शब्द दिलात. मोटर कुठून देणार?’

‘पांडुरंग देईल.’

‘देव भक्ताघरी स्वतः दळायला बसला, असं तुम्हीच सांगता ना? मग त्याच्याकडे मोटर नाही, हे उघड आहे.’

मी हातपाय धुवायला मागल्या दारी गेलो.

पण पाहा, देवाने खरोखरच वाट काढली. कुसगावच्या वाटेवर एका बंगल्यात एक गोरा साहेब राहत असे. तीस वर्षे घाटात वाफेचे इंजिन हाकून निवृत्त झालेला, म्हणून सारे गाव त्याला ‘इंजिनसाहेब’ म्हणे. शिट्ट्या ऐकून ऐकून त्याचे दोन्ही कान कामातून गेले होते. त्याचा माळी धोंडिबा कुसगावचा, माझ्या कीर्तनाला न चुकता येणारा आणि न चुकता झोपणारा. तोच म्हणाला, ‘बुवा, आमच्या सायबाकडं भरडायचं यंत्र हाय. पर हातानं फिरवायचं. सायबाचा खांदा धरलाय, त्यो बी मोटर हुडकतोय.’

गेलो. यंत्र पाहिले. दगड नाहीत, दोन लोखंडी लाटणी एकमेकींना खेटून उलट फिरतात, आणि मधून दाणा चिरडून खाली पडतो. शेजारी ओल्या गोणपाटावर सातू पसरलेले, आणि त्यांना नाजूक मोड आलेले! मला गहिवरून आले. मोड आलेले धान्य! आपल्यातले लोक तळलेली भजी खातात, आणि हा सातासमुद्रापलीकडचा जीव मोड आलेल्या सातूवर राहतो?

‘साहेब, इसका क्या करते?’ मी कानाशी ओरडून विचारले.

साहेबाने समाधानाने पोटावर हात फिरवला. ‘पीता है, बुवा. रोज शाम को एक गिलास.’

सातूचे पाणी! पित्तावर याहून थंड काय असणार? त्या रात्रीच्या कीर्तनात मी साहेबाचा दाखला दिला. त्या वेळी मी गावच्या दारूबंदी मंडळाचा अध्यक्ष होतो, हेही येथेच सांगून ठेवतो. म्हणालो, ‘दारुड्यांनो, लाज धरा! तो गोरा पाहा, संध्याकाळी एक पेलाभर सातूचे पाणी पितो आणि स्वस्थ झोपतो!’ मागच्या खांबाशी धोंडिबाला ठसका लागला. मी समजलो, पश्चात्ताप.

साहेबाशी करार ठरला. मोटर तो घेणार. भंडाऱ्याचे गहू त्याच्या यंत्रावर फुकट भरडून मिळणार. माझ्याकडे एकच काम. ‘बुवा, पुराना मोटर आवाज से परखते. हमारा कान गया. तुम गानेवाला आदमी, तुम सुनो. खडखड नहीं माँगता.’ मग त्याने बोट उभारले. ‘और धीरे चलनेवाला लाना. धीरे, मगर जोरवाला. दाना खाली टूटना चाहिए. छिलका साबूत. आटा नहीं माँगता!’

मी मान डोलावली. ऐकले होते फक्त एक वाक्य: तुम गानेवाला आदमी.

घरी कुटुंबालाही हीच बुद्धी सुचली. ‘भरड काढायची तर जातं हळू फिरवावं लागतं. मोटर सावकाशीची बघा.’

‘तू आता मला मोटर शिकवणार?’ मी विचारले. जणू मी आळंदीहून मोटर शिकूनच आलो होतो!

बाजारात लखूशेठची जुन्या लोखंडाची वखार होती. शेठजींनी दोन मोटरी काढल्या. दोन्हींच्या पत्र्यावरचे वेगाचे आकडे घासून गेलेले. पहिली म्हणजे काळाकभिन्न धोंडा, अंगाला तेलाचा थर. ‘ही गोदामातल्या यारीची, बुवा,’ शेठ म्हणाले. ‘पोती वर ओढायची. हत्तीचं बळ आहे.’ चालू केली. ‘घुर्रर्र… घुर्रर्र…’ जेवून पडलेल्या पाहुण्यासारखी घोरू लागली. ना षड्ज, ना पंचम.

दुसरी सडपातळ, पितळेच्या चकचकीत टोपीची. ‘ही भांड्यांना पॉलिश मारायच्या कारखान्यातली. चपळ आहे हो!’ तिचे बटण दाबले, आणि काय सांगू? ‘गुंऽऽऽ’ असा एकसंध, तेलाच्या धारेसारखा नाद निघाला. माझ्या अंगावर काटा आला. मी काखेतली वीणा काढली, तार छेडली. काळी एक! साक्षात माझा षड्ज!

‘बुवा,’ सोबत आलेला धोंडिबा कुजबुजला, ‘ह्ये काळं गुरगुरतंय लय, पर वढंल. ती पोरगी नुसती गाती.’

‘धोंडिबा, जे बेसूर आहे त्याच्या हातून अन्न शुद्ध कसे होईल?’

लखूशेठने हात जोडले. अशा गिऱ्हाइकाची तो वीस वर्षे वाट पाहत असावा. ‘वा बुवा! मोटर तंबोऱ्यावर लावून घेणारा माणूस आज पाहिला.’ मी ते कौतुक समजून घरी आणले.

साहेबाने मोटर पाहून भुवया आवळल्या. ‘फास्ट तो नहीं?’

‘साहेब, एकदम शुद्ध!’ मी ओरडलो. बिचाऱ्याने विश्वास ठेवला. कान नसलेल्या माणसाला दुसरे काय करता येते?

भरडण्याचा दिवस उजाडला. बंगल्याच्या पडवीत सारी आळी जमली. पंधरा-वीस बायका गव्हाची पोती घेऊन. आमचे कुटुंब पुढे, सुपे हातात. आधी साहेबाचे सातू, मग देवाचे गहू, असा क्रम ठरलेला. मी मोटरीला हळदकुंकू लावले, हार घातला, उदबत्ती ओवाळली आणि खास नारळ फोडला. साहेब टोपी काढून उभा राहिला. धोंडिबाने पट्टा चढवला. मी डोळे मिटले, वीणा छातीशी घेतली आणि म्हणालो, ‘चालू करा.’

‘गुंऽऽऽ!’

आहाहा! नाद असा लागला म्हणता! मी त्यावर आवाज लावला, ‘विठ्ठऽऽल!’ दोन्ही सूर एकात एक मिसळले. मागून बायकांचा गलका उठला. मी ओळखले, समाजाला रंग चढला. मधेच मोटरीचा सूर किंचित उतरला, मी उतरलो. ती चढली, मी चढलो. गलका वाढला. मीही वाढलो. ती आणखी चढली! माझा गळा फाटायची वेळ आली, तरी भक्ताने देवाची साथ सोडावी काय?

तोंडात काहीतरी शिरले. मला वाटले, बुक्का.

डोळे उघडले. पडवी दिसेना! पांढरे धुके. पावसाळ्यात खंडाळ्याच्या दरीतसुद्धा इतके नसते. दाणे छपराच्या कौलांवर ताडताड आपटत होते. बायका पदरांनी तोंडे झाकून ‘बंद करा, बंद करा!’ ओरडत होत्या, आणि हा गलका मी रंग समजलो होतो. सातूचे पोते पार उडाले होते, आणि रिकामे यंत्र उधळल्यामुळेच मोटरीचा सूर चढत चालला होता. धोंडिबाने झडप घालून बटण बंद केले.

धुके विरले. समोर इंजिनसाहेब पिठात न्हालेला उभा. ओंजळीत सातूची भुकटी, टरफलाचा पत्ता नाही. तो हंबरडा फोडून म्हणाला, ‘माय बीअर! खतम! हमारा दो महीने का बीअर!’

‘बीअर?’ मी.

‘व्हय, बुवा,’ धोंडिबा खाली बघत म्हणाला. ‘सायेब घरी बीर काढतो. सातू भरडून शिजवायचा, पानी गाळायचं, मुरवायचं. टरफल ऱ्हायलं तरच पानी गळतं. ह्याची आता खळ हुनार.’

‘अरे, मग तू मला आधी का नाही सांगितलेस?’

‘तुमी कीर्तनात त्याला साधू केलात. भर सभेत मी कसा बोलू?’

आमच्या कुटुंबाने पांढऱ्या झालेल्या पापण्या पुसल्या, मोटरीवरचा हार पाहिला, खोबऱ्याचे तुकडे पाहिले, आणि अगदी आदराने विचारले, ‘अहो दारूबंदीचे अध्यक्ष, नारळ कशावर फोडलात?’

मी वीणेवरचे पीठ झटकू लागलो.

आणि लापशी? भंडारा दुसऱ्या दिवशी! उडालेले अर्धे सातू कुसगावच्या म्हशींनी चाटून खाल्ले. आमच्याआधी त्यांचा भंडारा झाला. देवाचे गहू मात्र पोत्यांत तसेच शाबूत होते. आणि दुपारी देवळाच्या ओवरीत नऊ जाती ओळीने मांडली गेली. जात्याला हात लावायचा नाही, असा शब्द दिला होता ना मी? माझ्या शब्दाचा आवाज तिथे घरघरत होता.

मी वीणा घेऊन खांबाशी टेकणार, इतक्यात कुटुंबाने दहावे जाते पुढे सरकवले. ‘बसा. नामाचा खुंटा धरा.’

बसलो. तीस वर्षे कीर्तनात जाते फिरवलेला मी, प्रत्यक्षात प्रथमच खुंटा धरत होतो. वाटले, यात काय आहे? दिला जोराने फिरवून. पाच फेऱ्यांत खाली पीठ, दहा फेऱ्यांत हाताला फोड, आणि पंधराव्या फेरीला ‘विठ्ठल’ म्हणायला छातीत वाराच उरला नाही.

‘घाई नको,’ कुटुंब म्हणाले. ‘हळू फिरवा. हळू, पण जोर लावून. दाणा फुटला पाहिजे, पीठ होता कामा नये.’

हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते. कुठे ते आठवले, आणि मी हात सावकाश केला.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, ‘बुवा, एखादी ओवी म्हणा की.’ सगळ्या हसल्या. मी जात्यात मूठभर गहू टाकले आणि मान खाली घातली.

लापशी मात्र झाली, आणि सुरेख झाली. गावाने बोटे चाटली. पण खरी मौज पुढे आहे.

धोंडिबाकडून गावात बातमी पसरली की साहेबाच्या पातेल्यात गोळा केलेल्या भुकटीची खरोखरच खळ झाली, सारे ओतून द्यावे लागले. झाले! दारूबंदी मंडळाच्या सभासदांनी अर्थ लावला: बुवांनी गोड बोलून, साहेबाच्याच पैशाने, मुद्दाम वेगाची मोटर बसवून त्याची भट्टी बंद पाडली. केवढा मुत्सद्दी माणूस! धोंडिबा मला म्हणालासुद्धा, ‘बुवा, सालभर भाषणं केलीत, एक बाटली फुटली न्हाई. आन नुसता सूर लावलात, तर पिंपच्या पिंप आडवं झालं.’

भंडाऱ्याच्या रात्री समारोपाचे कीर्तन. मंडळाने भर सभेत मला हार घातला. चिटणीस बोलला, ‘आपल्या अध्यक्षांची ही योजना पुढच्या पिढ्यांनी शिकावी.’ आता खरे सांगायला हवे होते, नाही? तोंड उघडलेही होते. पण हार झेंडूचा होता, ताजा होता, आणि गळ्यात पडला होता. मी नम्रपणे हात जोडले आणि म्हणालो, ‘अहो, मी निमित्तमात्र. सारे त्या सूत्रधाराने ठरवूनच केले!’

टाळ्या! पुरुषांच्या बाजूने टाळ्या थांबेनात. त्या भरात मी डोळे मिटले आणि माझा हुकमी एक्का काढला. ‘तर श्रोतेहो, संसाराच्या या जात्यात…’

तोच स्त्रियांच्या बाजूने, पहिल्या रांगेतून, एक बारीक आवाज आला, ‘गुंऽऽऽ.’ मग दुसरा. मग तिसरा. पाहता पाहता साऱ्या रांगा, तोंडे मिटून, हाताचे फोड कुरवाळीत, मोटर होऊन गुणगुणू लागल्या. सर्वांत पुढे आमचे कुटुंब.

मी कान देऊन ऐकले, मंडळी. काळी एक! एक श्रुतीसुद्धा ढळली नव्हती.