सिस्टरांचं पूर्ण नाव

रविवार, दुपार. हजर: मी आणि रात्रपाळीच्या सिस्टर. बाकीच्या आल्या नाहीत.

आम्ही कंत्राटी एएनएम नर्स. या महिन्यात कंत्राट संपतं, म्हणून संघटना काढून मुदतवाढ मागायची होती. मी अर्ज लिहायला घेतला आणि विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?"

"रोज सकाळी माझ्याकडून चार्ज घेता, आणि नाव आज विचारताय?" त्या हसल्या. "तुमचं तरी मला कुठं ठाऊक आहे, सिस्टर?"

पेशंट, डॉक्टर, आम्ही एकमेकी, सगळे तेवढीच हाक मारतो. ती ऐकली की हातातलं टाकून धावायची सवय झाली आहे. उद्या आमच्या जागी दुसऱ्या येतील, त्याही याच हाकेला धावतील. मग आम्ही गेलो हे कळणार कुणाला?

दोघींनी सह्या केल्या. साहेबांशी कोण बोलणार, ते अजून ठरलेलं नाही.