फ्रेमची मागची बाजू

शहरातल्या आमच्या गारखेड्याच्या घरात देवांच्या तसबिरींच्या रांगेत वर्तमानपत्राचं एक कात्रण टांगलेलं होतं. पूर्वी बी.ए.चे निकाल पेपरात छापून यायचे, नुसते परीक्षा क्रमांक, मुंग्यांच्या रांगेसारखे. त्यातल्या एका क्रमांकाखाली तांबड्या शाईची रेघ. तो माझ्या वडिलांचा, अण्णांचा. घराण्यातला पहिला पदवीधर. आजोबांनी गावाकडून येऊन ती फ्रेम करून घेतली आणि पुढं आम्हां नातवंडांपैकी कुणी क्रिकेट, नाटक, सहल असं काही काढलं की ते मुकाट तिकडं बोट दाखवायचे. मला त्या फ्रेमचा मनस्वी राग यायचा. तरी बाप झाल्यावर मीही तेच करू लागलो, याची आज लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, दूरच्या देशात युद्ध चाललंय, त्याविरुद्ध आम्ही काहीजण उद्या कॉलेजच्या फाटकाबाहेर तासभर फलक घेऊन उभे राहणार आहोत. मी सरळ नाही म्हणालो. तिथलं युद्ध तुमच्या फलकानं थांबणार आहे का? कुणी फोटो काढला आणि उद्या नोकरीच्या वेळी तो पुढं आला तर? अशी माझी सरबत्ती सुरू झाली.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही. पण मग पुन्हा कधी 'तुझं मत काय' असं मला विचारू नका."

हे मला फार लागलं, आणि लागलं की माझं डोकं फिरतं. "शिक्षण म्हणजे काय ते हे बघ," म्हणत मी फ्रेम खिळ्यावरून काढायला गेलो. जुनी दोरी तुटली, फ्रेम हातातून निसटली आणि काचेचा चुरा झाला.

अण्णा पलंगावर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "चला, सुटलं एकदाचं."

मुलीनं काचा झटकून कात्रण उचललं, तेव्हा ते उलटं झालं. मागं बातमी होती: युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांचा मोर्चा. आमच्याच शहरातला. फोटोत पोरं कापडी फलक धरून चाललेली. निकालाचे रकाने मापात बसवायला फ्रेमवाल्यानं कात्री चालवली होती, त्यामुळं फोटोच्या कडेला एका पोराचा नुसता हात उरला होता, काठी धरलेला.

"त्यो मी," अण्णा म्हणाले.

"आबा, नुसत्या हातावरून कसं ओळखायचं?" मुलीनं विचारलं.

"काठी बघ की. टोकाला वाकडा आकडा हाय का नाय? मी मावशीकडं राहून शिकायचो ना, तिची कपडे वाळत घालायची काठी व्हती ती. न विचारता नेली. लई बोलणी खाल्ली."

आकडा होता. कागद पिवळा पडला होता, तरी स्पष्ट दिसत होता.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"नंबर तर मी आदल्या दिवशीच कॉलेजात बोर्डावर बघितला आन् तसाच मोर्च्यात गेलो. पेपर घेतला त्यो या फोटोसाठी. वडील आले, त्यांना निकाल दिसला. कोणती बाजू पुढं ठेवायची ते त्यांनी ठरवलं. एवढे खूश व्हते, मी काय बोलणार?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, अण्णांनी त्या फ्रेमकडं एकदाही बोट दाखवलं नव्हतं.

"मग थांबलं का युद्ध?" माझा खवचटपणा अजून पुरता गेला नव्हता.

"आमच्यामुळं नाय थांबलं. पण आम्ही गप नव्हतो बसलो. छापून आलंय तिथं."

मुलगी कात्रण हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. मी काचा गोळा करायला झाडू आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीतली कपडे वाळत घालायची काठी पुसून तिच्या हातात दिली. आमची स्टीलची आहे, टोकाचा आकडा मात्र तसाच. तिनं फलक तिथंच त्या काठीला बांधला. मला भीती वाटतच होती, पण त्याहून जास्त बरं वाटत होतं.

ती दारात पोचली तेव्हा अण्णांनी तिला थांबवलं. म्हणाले, "फोटोवाला आला तर मधी उभी राहा. कडंचे कापले जातात."

त्या दिवशीचे ओले कपडे मी खुर्च्यांवर टाकले.