प्रार्थनेचा विषय

आमच्या मंडळीत कुणी कुणाची चहाडी करत नाही. आमच्यात त्या माणसासाठी प्रार्थना मागतात.

दर बुधवारी संध्याकाळी मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी सभा असते. नेरूळ, जुईनगर, सीवूड्स, ज्याची पाळी असेल त्याच्याकडे. दोन गाणी होतात, आमच्या चर्चचे पाळकसाहेब बायबलमधल्या एखाद्या वचनावर चार शब्द बोलतात आणि मग चष्मा काढून विचारतात, “विषय?” विषय म्हणजे प्रार्थनेचा विषय. तो प्रत्येकाने द्यायचाच असतो. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाच्या सुनेचा स्वभाव नरम व्हायला हवा असतो. सून बहुतेक वेळा तिथेच सतरंजीवर बसलेली असते. मग ज्याला सांगितलं जाईल तो डोळे मिटून तो विषय देवापुढे मांडतो, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे तसंच होवो. सुनेनेही म्हणायचं.

मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. कारण तोवर मी कुणाचा विषय झाले नव्हते.

आमचं घर जुईनगरला, तिसऱ्या मजल्यावर. आई-बाबा दोघंही प्रभूकडे गेल्यापासून आम्ही दोघी बहिणीच. ताई माझ्याहून बरीच मोठी. ती शाळेत शिकवते, मी तुर्भ्याला एका कंपनीत नोकरी करते. आई गेली तेव्हा मी शाळेत होते, आणि ताईने मला अक्षरशः हाताखाली घेतलं. माझी वेणी, माझा डबा, माझं कॉलेज, सगळं तिने केलं. आता माझे केस पांढरे व्हायला लागले तरी तिने हात काही काढला नव्हता. संध्याकाळी माझा डबा उघडून ती किती उरलंय ते बघायची. फोनवर मी हसले की आतून आवाज यायचा, “कोण गं?” कपाट एक, आरसा एक, झोपायची खोली एक. माझं असं त्या घरात दार लावता येईल इतकं एकच ठिकाण होतं, आणि तिथेही ती बाहेरून विचारायची, “बरं वाटतंय ना?” तिचं माझ्यावर प्रेम आहे याबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण मला घुसमटायला व्हायचं. प्रेमाने घुसमटलेल्या माणसाने तक्रार कुणाकडे करायची, ते मात्र कुठल्याच प्रवचनात सांगत नाहीत.

एका रविवारी दुपारी ती मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं, “ताई, मी उलव्याला राहायला जायचं म्हणतेय.”

उलव्याला माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची इमारत होती. ती मूळची तिथल्याच खाडीकाठची. त्यांची शेती सरकारी प्रकल्पात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर इमारत उभी राहिली, आणि वरच्या मजल्यावरचा एक छोटा फ्लॅट ती मला भाड्याने द्यायला तयार होती. खिडकीतून विमानतळाची बाजू दिसायची. मी तिथे एकदाच जाऊन उभी राहिले होते. रिकाम्या खोलीत माझ्या चपलांचा आवाज घुमला, आणि मला इतकं मोकळं वाटलं की लाजच वाटली.

ताई भांडली नाही. “बरं,” एवढंच म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. मला वाटलं, सुटले.

त्या बुधवारी सभा पाळकसाहेबांकडेच होती. ताईची पाळी आल्यावर ती खाली बघत म्हणाली, “माझा विषय माझी धाकटी बहीण. तिचं मन भरकटलंय. एकटीने राहायचा विचार तिच्या डोक्यात आलाय, तो प्रभूने काढून टाकावा.” मी तिच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसले होते. पाळकबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या बायकोने, हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि मोठ्याने, मनापासून, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना केली. लांबलचक. शेवटी सगळे आमेन म्हणाले. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मीही म्हणाले. काय करणार?

पुढचे काही आठवडे कसे गेले ते मलाच माहीत. विषय व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेला, तिथून दुसऱ्या मंडळीच्या ग्रुपवर, आणि जाता जाता वाढत गेला. ऐरोलीच्या एका काकूंना वाटत होतं की माझी नोकरी गेली. पनवेलकडच्या एकांनी कुणाबरोबर तरी पळून जाण्यापासून मला वाचवावं म्हणून उपास धरला होता. मी त्यांना ओळखतसुद्धा नव्हते. सीवूड्सच्या मॉलमध्ये मी चपला बघत होते तर मंडळीतले एक आजोबा काठी टेकत आले, आमच्या रीतीने म्हणाले, “सलाम, मुली. आम्ही तुला धरून ठेवलंय हो प्रार्थनेत.” ते शब्द त्यांनी किती मायेने म्हटले! आणि मी हातातली चप्पल परत ठेवून दिली. धरूनच ठेवलं होतं सगळ्यांनी. कुणी वाईट बोललं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. पण जो आपल्यासाठी उपाशी राहिलाय त्याच्यावर चिडायचं कसं?

मी मैत्रिणीकडे जाऊन रडले. तिने आधी मला बोंबील खाऊ घातले, मग म्हणाली, “अगो, तुला जायचा हाय ना? मंग ये ना. चावी तुज्यासाठीच ठेवलीय. कोन अडवतंय?”

“सगळेच,” मी म्हणाले.

“आमच्यात कसा हाय, बहिनीचा पटला नाय त बहीन तोंडावर भांडते. दोन दिस गाव ऐकतो, तिसऱ्या दिशी दोगी मासली आनायला एकत्र जातान. तुमी भांडत का नाय?”

मी तिला काय सांगणार? आमच्यात भांडणं नाहीत, विषय आहेत. आणि ही मैत्रीणही लवकरच विषयात आली. आपली संगत आपल्या विश्वासाची नसली तर मन भरकटतं, असं ताई एका बुधवारी हळूच म्हणाली. त्या रात्रीपासून मी ताईशी बोलणं टाकलं. मीठ दे, किल्ली कुठे, एवढंच.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये सगळ्यांनी पावाचा तुकडा आणि द्राक्षाच्या रसाचा घोट घ्यायचा. त्याची तयारी वर्षानुवर्षं आमच्याच घरी होते. शनिवारी मी काळ्या मनुका उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून रस काढते. ताई पावाच्या कडा काढून त्याचे बारीक चौकोनी तुकडे करते. लहानपणी त्या कडांवर माझा हक्क असायचा. त्या शनिवारी आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून हे सगळं एकही शब्द न बोलता केलं. ताईने कडा ताटलीत माझ्याकडे सरकवल्या. मी खाल्ल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या तिथेच वाळून गेल्या.

मनात राग घेऊन तो पाव घ्यायचा नसतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. आणि घेतला नाही तर ताट पुढे जाताना सगळे बघतात, मग पुढच्या बुधवारचा विषय ठरलेला. म्हणजे घेतला तरी अडकले आणि नाही घेतला तरी अडकले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर प्रेमळ काकू.

त्या रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन नेमकं मैत्री आणि भावंडं यांच्यावर होतं. तरुणांसाठी म्हणून होतं, पण ताई मान हलवत होती आणि माझी मान ताठ होती. बोलता बोलता ते म्हणाले, भावाने तुला दुखवलं तर आधी त्याच्याकडे जा. एकटा जा. चार माणसं घेऊन जाणं हे नंतरचं काम आहे. देवापुढे येण्याच्याही आधी भावाकडे जायचं असतं. हे मी शंभर वेळा ऐकलं असेल. पण ‘एकटा’ हा शब्द माझ्या कानाला त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

भोजनाच्या आधीचं गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले. मी ताईच्या कानाशी वाकून म्हणाले, “बाहेर ये,” आणि लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत निघाले. मागे बघितलं नाही. ताई येईल असं मला वाटलं नव्हतं.

ती आली. आवारात स्कूटर लावलेल्या असतात तिथे आम्ही उभ्या राहिलो.

“काय झालं? चक्कर येतेय का?”

“नाही. तुझ्याशी बोलायचंय.”

“आत्ता? आत भोजन सुरू होईल!”

“आत्ताच. घरी आपण बोलतच नाही. तू देवाला सांगतेस, देव पाळकबाईंना सांगतो, आणि त्या मला सांगतात.”

“मी काय वाईट केलं? प्रार्थनाच मागितली ना?”

“माझ्याविरुद्ध मागितलीस, ताई. मी शेजारी बसले होते. मला आमेन म्हणायला लावलंस.”

ताईने एका स्कूटरच्या सीटवर हात टेकला. सीट तापली होती, पण तिने हात काढला नाही.

“मला भीती वाटली,” ती म्हणाली. “तू उशिरा येतेस ना, तेव्हा मी टीव्ही लावून बसते. बघत नाही. नुसता आवाज हवा म्हणून. तू गेलीस की रोजच तसं.”

मला हे माहीत नव्हतं. एका खोलीत झोपून माहीत नव्हतं.

“मग हे मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस.”

“तुला तेच हवं होतं ना?”

“हवं होतं. पण माझ्यामुळे नको होतं. देवाने थांबवलं असतं तर माझ्या माथी आलं नसतं.”

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी एवढी वर्षं तिच्या हाताखाली घुसमटत होते, आणि मी तिच्यासाठी त्याग करेन या भीतीने ती घुसमटत होती. आत गाणं संपलं. पेल्यांच्या ताटाचा बारीक किणकिणाट ऐकू आला. ताईने एकदा दाराकडे बघितलं. माझ्या आठवणीत तिने कधी प्रभुभोजन चुकवलेलं नाही, अंगात ताप असताना सुद्धा. ती गेली नाही. आम्ही तिथेच उभ्या राहिलो, आणि आम्ही केलेला पाव आत सगळ्यांनी घेतला.

“मी जाईन, ताई,” मी म्हणाले. “पण तुझ्यापासून पळून नाही जायचंय मला.”

तिने सीटवरचा हात काढला. ‘हो’ही म्हणाली नाही, ‘नाही’ही म्हणाली नाही. आणि मला भीती वाटली, की आता बुधवारी सगळ्यांसमोरच काय ते कळेल.

कारण त्या बुधवारी सभा आमच्याच घरी होती. दोन सभासद भोजनाच्या वेळी उठून गेले म्हटल्यावर कुणी घरी थांबतंय? हॉल भरला, पॅसेज भरला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत माणसं बसली. बाहेर चपलांचा ढीग. मी चहाचं बघायला आत गेले होते, तिथेच फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये अडकले. बाहेर पडायचं तर चार काकूंना उठवावं लागलं असतं. गाणी झाली, वचन झालं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. एकेकाचा विषय होत होत ताईची पाळी आली.

ताई म्हणाली, “माझा विषय काही नाही.”

असं कुणी म्हणत नाही. पाळकसाहेब चष्मा हातात धरून बघतच राहिले. पाळकबाईंनी काळजीने विचारलं, “अगं, मग धाकटीचं काय ठरलं? आमी सगळे धरून बसलोय. राहनार ना ती?”

“ते तिलाच विचारा,” ताई म्हणाली. “ती इथेच आहे.”

सगळ्या माना वळल्या. इतक्या आठवड्यांत माझ्यासाठी उपास झाले होते, अश्रू झाले होते, डोक्यावर हात ठेवून झाले होते. पण मला कुणी विचारलं नव्हतं. फ्रिज पाठीशी घुरघुरत होता.

“जाणार,” मी म्हणाले. “उलव्याला.”

पाळकसाहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ताईने डोळे मिटले आणि म्हणाली, “आमेन.” आवाज फाटला होता, पण तिने तो शब्द पूर्ण म्हटला.

मग बाकीच्यांनाही म्हणावंच लागलं.