कंपाउंडरनं बोलायला पाहिजे होतं

माझं मत साफ आहे आणि ते मी बदलणार नाही. त्या मास्तरणीनं कंपाउंडरशीच लग्न करायला पाहिजे.

ही सिरीयल रोज संध्याकाळी साडेसातला लागते. खेड्यातल्या शाळेत शिकवणारी एक मास्तरीण आहे आणि तिच्यावर दोघांचा जीव आहे. एक डॉक्टर. तो दारात आला की वारा सुटतो, बासरी वाजते, आणि तो तिच्याकडे पाहत उभा राहतो तोवर बाहेर पेशंट ताटकळत बसतात. दुसरा त्याच दवाखान्यातला कंपाउंडर. तो तिच्या सायकलची चेन बसवून देतो, तिच्या आईच्या गोळ्या आठवणीनं घरी पोचवतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. त्याच्यासाठी बासरी वाजत नाही. मी म्हणतो, बासरीनं घर चालते का?

माझी बायको डॉक्टरच्या पार्टीची होती. सिरीयल संपली तरी आमचं भांडण जेवणापर्यंत चालायचं.

"अजी, तो बोलतच नाही तर तिनं समजावं काय?"

"त्याचं काम दिसत नाही का तिले? डोळे आहेत ना?"

"कामाले काय चाटाचं आहे? मुक्या माणसासंग जन्म काढून पाहा म्हणा तिले. मले विचारा कसं लागते ते."

हा टोला मला होता. मी जन्मभर गवंडीकाम केलं. विटा आणि सिमेंट-रेतीचा मसाला, त्यात बोलायचं काय? घरी आल्यावरही बोलायचं राहून जाई. बायको दोघांच्या वाटणीचं बोलायची.

सूनबाईचं आणि माझंही तीच बोलायची. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, त्याच्यापुढे खुर्चीवर बसत नाही. तिला काही विचारायचं असलं की ती सासूला सांगणार, "आई, मामाजीले विचारा, भाकर टाकू का पोळी." मी तिथंच बसलेलो. मी म्हणायचो, "सांग तिले, भाकर." बायको मधे बसून लसूण सोलत असायची. "ऐकलं दोघांनीबी," म्हणायची. "मी काय पोस्टमन आहो?"

मग बायको आजारी पडली, तिला धंतोलीतल्या दवाखान्यात ठेवलं. तिथं खाली पेशंटचे नातेवाईक बसतात त्या हॉलमधे टीव्ही होता, आवाज बंद केलेला. साडेसात वाजले की ती मला खाली पाठवायची. मी उभ्यानं पाहायचो आणि वर येऊन सांगायचो. काय बोलले ते मला कळत नसे, काय केलं तेवढं सांगायचो. "डॉक्टरनं तिचा हात धरला." ती डोळे मिटूनच हसायची. "पाहा, म्हटलं नव्हतं?" एका संध्याकाळी मी वर आलो तर ती झोपली होती. तिला उठवलं नाही. सकाळी सांगू म्हटलं. सकाळ तिला मिळाली नाही.

घरातला पोस्टमन गेला. मुलगा कारखान्यात दुसऱ्या पाळीला, घरी येतो तेव्हा मी झोपलेला. घरात मी आणि सूनबाई. ती ताट स्टुलावर ठेवायची, मला कळावं म्हणून गिलास जरा वाजवायची आणि आत जायची. भाकर की पोळी, कोणी विचारत नव्हतं. जे येई ते मी खाई. टीव्हीवर बायकोनंच शिवलेलं कापड टाकलेलं होतं, ते कितीतरी दिवस तसंच होतं.

एक दिवस मीच ते काढलं. पाहतो तर डॉक्टर मास्तरणीला अंगठी देऊन राहिला. माझं डोकं फिरलं. भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहून मी ओरडलो, "पाहा तुहा डॉक्टर! पेशंट बाहेर मरून राहिले अन् हा अंगठ्या वाटते!"

तर स्वयंपाकघरातून आवाज आला. "आई, सांगा त्यायले, यानं अंगठी तरी आणली. कंपाउंडरनं काय आणलं?"

मी दचकलो. मग फोटोला म्हटलं, "सांग तिले, अंगठीनं सायकल चालत नाही."

तसं रोज सुरू झालं. ती आतून फोटोला सांगे, मी बाहेरून फोटोला सांगे. पण फोटो "ऐकलं दोघांनीबी" म्हणत नाही. आठ वाजले की टीव्ही बंद, आम्हीही बंद. मग दुसऱ्या दिवसाच्या साडेसातपर्यंत मी भिंत पाहत बसे. एवढं मोठं घर मी बांधलं होतं काय, असं वाटायचं, आणि घर दोन खोल्यांचं.

भिवापूरला माझा लहान भाऊ राहतो. त्याच्या घरी माणसं भरपूर. मी फोटोला म्हटलं, "सांग तिले, मी उद्या भिवापूरले चाललो. आता तिकडंच राहीन म्हणतो."

आत भांडी वाजत होती ती थांबली. सकाळी माझ्या पिशवीजवळ भाकर-ठेच्याचा डबा होता आणि माझ्या बीपीच्या गोळ्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, कागदात बांधून. मी पिशवी उचलली आणि गेलो.

भावाचं अंगण मिरच्यांनी लाल झालेलं होतं. पोरं, सुना, शेजारी, नुसता गलका. मला तोच पाहिजे होता. पण त्या संध्याकाळी कंपाउंडर मास्तरणीला मनातलं सांगणार होता, आणि बरोबर साडेसातला लाइन गेली, टीव्ही बंद. मी अंगणात मिरच्यांमधून येरझाऱ्या घालत राहिलो. शेवटी मुलाला फोन लावला.

"बाबा, मी मशीनवर आहो. सिरीयलचं मले काय माहीत? तुमच्या सुनेले विचारा ना."

बायकोचा मोबाईल आता सूनबाईजवळ असतो. तोच नंबर दाबला.

"हॅलो," ती म्हणाली.

मधे ना बायको, ना तिचा फोटो.

"मी बोलून राहिलो," म्हटलं.

"हो, मामाजी."

"इकडं लाइन गेली. बोलला का तो?"

"नाही ना, मामाजी! तिच्या दारापर्यंत गेला. ती ‘या’ म्हणाली. अन् यानं काय केलं? गोळ्यायचं पाकीट तिच्या हातात देलं अन् निघाला."

"नुसत्या गोळ्या?"

"नुसत्या गोळ्या!"

"बैल आहे बैल! तोंड देलं नाही का देवानं?"

ती हसली. तिचं हसणं मी आधी ऐकलेलं होतं, पण ते सासूबरोबरचं, आतलं.

"घ्या आता तुमचा डॉक्टर," मी म्हटलं.

"माहा कुठचा डॉक्टर, मामाजी? मी पहिल्यापासून कंपाउंडरकडून आहो."

"मंग इतके दिवस डॉक्टरची बाजू काहून घेत होती?"

"आईची बाजू कोणी तं घ्याले पाहिजे ना. नाही तं तुमी भांडसान कोणासंग?"

मी मिरच्यांच्या कडेला खाली बसलो. शेजारी गलका चालूच होता.

"गोळ्या घेतल्या का?" तिनं विचारलं.

"घेतल्या. उद्या येतो. साडेसातच्या आत."

"भाकर टाकू का पोळी?"

"भाकर," मी म्हटलं.

आता ती दारात पाट टाकून बसते. खुर्चीवर बस म्हणून मी दोनदा सांगितलं, ऐकत नाही. डॉक्टरची बाजू आम्ही पाळीपाळीनं घेतो, कारण ती बाजू रिकामी ठेवणं बरं दिसत नाही. कंपाउंडर अजून बोललेला नाही. पण परवा त्यानं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात जाहिरात लागली.