त्सोनाच्या आवाजाचा पत्ता

कोस्माती दोल गावात माणूस गेलं की नेद्याल्का दोन ठिकाणी शोकपत्र लावते. एक कागदाचं, गेलेल्याच्या दारावर. दुसरं गावाच्या ब्लॉगवर. कागदाचं वाचायला गावात एकसष्ट माणसं उरलीत, त्यातल्या निम्म्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. ब्लॉगवरचं वाचतात ती स्पेन, इटली, जर्मनीत पांगलेली त्यांची पोरं.

वाचनालयाची चिटणीस म्हणून तिला तेहेतीस वर्षं झाली. शाळा बंद पडली, डेअरी बंद पडली, बस आठवड्यातून तीनदाच यायला लागली, पण वाचनालयाची किल्ली तिच्या एप्रनच्या खिशातून हलली नाही. पुस्तकं तीच देते, शेगडी तीच पेटवते, बायकांचा गाण्याचा ताफाही तीच हाकते. ताफ्यात आता चौघीच आहेत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ब्लॉग ती जिल्ह्याच्या गावी तीन दिवसांच्या वर्गात शिकली, तेही पन्नाशी उलटल्यावर.

"नेद्याल्के, माझं पत्र लावशील तेव्हा फोटू तरणा घाल," मेंढ्या राखणारा गेत्सो म्हातारा तिला छेडायचा. "मिशीवाला."

"तुझं कशाला लावते मी? तुझ्या बोकडाच्या वासानं मरण वेशीवरनंच माघारी जातंय."

गावाची रीत अशी, की चाळीस दिवसांनी नवं पत्र, सहा महिन्यांनी नवं, वर्षाला नवं. नवं लावायच्या आधी जुनं खरवडून काढायचं. फाटकं पत्र दारावर लोंबत राहिलं तर लोक म्हणतात, ह्या घराला कुणी वाली नाही.

त्सोना तिची शेजारीण, ताफ्यात तिच्या शेजारीच उभी राहून गाणारी. दोन वर्षांमागच्या शरदात ती खंगली. मुलगा ल्युबेन स्पेनमध्ये संत्र्यांच्या गोदामात. "त्याला कळवायचं नाही," त्सोनानं बजावलं. "काम टाकून येईल अन् मग काम सुटेल." नेद्याल्कानं तिचं ऐकलं. आजही ते तिच्या घशाखाली उतरत नाही.

एका दुपारी दोघी घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्सोना एकाएकी म्हणाली, "ते तुझं यंत्र चालू कर बघू." मग फोनसमोर चार मिनिटं बोलली. पोराशीच बोलत होती. मीच नेद्याल्काचं तोंड बांधलंय, तिला बोल लावू नको. मी रागावले नाही. तू आला नाहीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा, नुसत्या पावावर भागवू नकोस. मध्येच शेंगांचा कटकट आवाज. तिसऱ्या आठवड्यात ती गेली. दुसऱ्या दिवशी दफन. ल्युबेन पोचला नाही.

नेद्याल्कानं तो आवाज पहिल्या शोकपत्राला जोडला, आणि आवाजाच्या पानाचा पत्ता ल्युबेनला पाठवला: एकटा असशील तेव्हा ऐक. उत्तर आलं नाही. पण अकरा महिन्यांनी त्यानं तिकडूनच पैसे पाठवून थडग्यावर काळा दगड बसवून घेतला. दगडावर त्सोनाचा चेहरा कोरलेला, आणि चेहऱ्याखाली तळहाताएवढा क्यूआर कोड. त्यात तोच पत्ता होता. नेद्याल्कानं तो पाहिला आणि तिथंच खाली बसून रडली. सहा वर्षांनी पोरगं येणार होतं, वर्षश्राद्धाला.

त्या शनिवारी सकाळी तिनं त्सोनाच्या दारावरचं सहामाही पत्र खरवडलं, वर्षाचं लावलं. मग वाचनालयात जाऊन ब्लॉग उघडला. तिथं त्सोनाची तिन्ही जुनी पत्रं एकाखाली एक साचली होती. पोरगं येतंय आणि आईचं दार असं? तिनं तिन्ही पुसली, कचरापेटीही रिकामी केली. केर साठवून ठेवायची तिला सवयच नाही. आवाजाची फाईल साठ्यात आहे ना, एवढं मात्र बघून घेतलं. होती. तिचा जीव निवांत झाला.

थडग्याजवळ दहा-बारा माणसं जमली. साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू वाटले. मातीवर दारू ओतली. "देव तिला क्षमा करो," सगळे पुटपुटले. ल्युबेन टक्कल पडलेला, अंगात नवा कोट. त्यानं फोन काढून दगडासमोर धरला.

फोनवर अक्षरं आली: हे पान सापडत नाही.

त्यानं पुन्हा धरला. गेत्सो म्हणाला, "काच पूस की जरा, धुरकटली असंल." त्यानं कोटाच्या बाहीनं काच पुसली. पुन्हा तेच.

"काढून टाकलं का, मावशी?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"नाही रे बाबा. जुनं पत्र काढलं, नवं लावायला. आवाज आहे. आत्ता बघितलाय मी."

ती धावत वाचनालयात आली. फाईल होती, पण तिच्यापुढं आता लिहिलेलं होतं: कशालाही जोडलेली नाही. आवाजाच्या पानाचा पत्ता जुन्या पत्राच्या नावाखाली होता. पत्र पुसल्यावर त्या पानाला नवाच पत्ता मिळाला होता. दगडावर मात्र जुनाच होता, कोरलेला.

ल्युबेन दारात येऊन उभा राहिला. बस सुटायला वीस मिनिटं होती.

"ये, बस इथं. वाजतंय बघ," नेद्याल्का म्हणाली.

"इथं नको मावशी."

"अरे, तोच आवाज आहे."

"असेल. वर्षभर फोनमध्ये होतं, मी दाबलं नाही. म्हटलं, तिच्यासमोर उभा राहून ऐकीन. काय शिव्या असतील त्या तोंडावर खाईन. कपाटांमध्ये बसून नाही खायच्या मला."

"शिव्या नाहीत रे त्यात. ती तर म्हणते…"

"तू सांगू नको." त्यानं हात आडवा केला. "तुझ्या तोंडून नको. तेव्हा सांगायचं होतंस." एवढं बोलून तो बसकडं गेला.

दिवेलागणीपर्यंत ती संगणकासमोरून उठली नाही. जुन्या शोकपत्राचा मजकूर आठवून पुन्हा टिपला, पत्राला अक्षर न् अक्षर तेच जुनं नाव दिलं, आणि आवाज त्याला जोडला. मग टेकडी चढून थडग्याशी गेली, दगडासमोर फोन धरला. शेंगांचा कटकट आवाज आला, आणि त्सोना बोलायला लागली. कुंपणापाशी गेत्सो मेंढ्या घेऊन थांबला होता. त्यानं टोपी काढली. "पोरगं कुठाय?" त्यानं विचारलं. नेद्याल्कानं नुसता रस्ता दाखवला.

तिनं ल्युबेनला कळवलं: लागलं रे, आता वाजतंय, फोनवर नुसतं दाब. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. दगडावर वाजतं ना? मग राहू दे. आलो की ऐकतो.

दुसरं वर्ष भरलं. तिनं दारावरचं पत्र खरवडून नवं लावलं. ब्लॉगवरचं जुनं तसंच ठेवलं, साचू दिलं. बस आली, तीन बाया उतरल्या, बस गेली.

आवाजाचं पान किती वेळा उघडलं तो आकडा ब्लॉगच्या आतल्या बाजूला दिसतो. चौदा होता. चौदाही वेळा थडग्याशी नेद्याल्काच उभी होती.